कुत्र्याला पाहुण्यांची सवय

बाबा,

मी आता रिसोडला असते. मुलींच्या शाळेत शिकवते आणि शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. तुम्ही गेलात तेव्हा मी सासरी होते, भरल्या घरात, चार जावांमध्ये, म्हणून यातलं तुम्हाला काही ठाऊक नाही. पुढे माझे यजमान वारले, मूल नव्हतं, मी अमरावतीला जाऊन शिकले आणि नोकरी धरली. इतक्या वर्षांचं सगळं दोन ओळींत सांगून होतं, याचं मलाच नवल वाटतं. आज रविवार. सकाळपासून दाराशी कोणी आलं नाही, म्हणून दुपारी उगाच गावाबाहेर चालत गेले. तिथे धनगरांच्या मेंढ्या उतरल्या होत्या. त्यांच्यातला एक कुत्रा सुसाट धावत आला आणि पुढचे दोन्ही पाय माझ्या लुगड्यावर टेकवून उभा राहिला. धनगरीण ओरडली. मी मात्र पाठ फिरवली, हात अंगाशी धरले आणि गप्प उभी राहिले. तो आपोआप खाली उतरला. "बाई, हे तुमाले कोनं शिकवलं?" तिनं विचारलं. मी लुगड्यावरची माती झटकली. घरी आले आणि हा कागद घेतला.

मानमोडीच्या साथीत माय गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. आसेगावचं आपलं घर गावाच्या टोकाला. पुढे अंगण, त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि एक लाकडी फाटक. माय होती तोवर त्या फाटकाची कडी दिवसभर वाजत असायची. ती गेल्यावर बायका यायच्या थांबल्या, कारण यायचं कोणाकडे? पुरुष थांबले, कारण तुम्ही बोलेनासे झालात. रागावणं नाही, मारणं नाही, नुसतं बोलणं संपलं. भाकरी थापायला तुम्हीच मला शिकवलं, पण हातानं दाखवून. माझी पहिली भाकरी तव्यावर टाकताना मोडली. तुम्ही ती तशीच भाजलीत, आपल्या ताटात घेतलीत आणि पिठाचा दुसरा गोळा माझ्यापुढे सरकवलात. ती भाकरी कशी लागली हे मला ऐकायचं होतं. तुम्ही पाणी प्यायलात आणि वावरात निघून गेलात.

त्याच हिवाळ्यात धनगरांनी आपल्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवल्या. ते गेले आणि एक पिल्लू आपल्याकडे राहिलं. तुम्ही मागून घेतलं की ते चुकून राहिलं, मी कधी विचारलं नाही. धनगराचा कुत्रा म्हणजे परक्याला फाटकाच्या आत पाऊल टाकू न देणारा, अशी गावाची समजूत. आपला निघाला उलटा. वर्षभरात वासराएवढा झाला, काळा, गळ्याखाली पांढरा, आणि माणूस दिसलं की वेडापिसा. अंगावर उड्या, तोंड चाटणं, आनंदाच्या भरात तिथेच मुतणं. ओसरीवर दोन माणसं लांब लांब बसलेली त्याला चालत नसत. मेंढ्या वळवाव्यात तसा तो त्यांच्या भोवती फिरायचा, टाचेला हळूच दात लावायचा आणि दोघं एका कोपऱ्यात आल्याशिवाय थांबायचा नाही. मला त्याचं हसू यायचं. हसायला घरात तेवढंच होतं.

दिवाळीत मामा आले. बहीण नव्हती तरी भाचीसाठी परकर-पोलक्याचं कापड घेऊन वाशीमहून आले होते. फाटक उघडलं आणि कुत्र्यानं झेप घेतली. मामा उताणे पडले, पागोटं मातीत गेलं, पांढऱ्या धोतरावर पंजांचे ठसे उठले. शेजारची माणसं कुंपणावरून पाहून हसली. तेच मामांना लागलं. "सोयऱ्याले कुत्र्याच्या पायाखाली घालता का?" ते म्हणाले. कापड ओसरीवर ठेवलं आणि न जेवता परत फिरले. तुम्ही त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेलात. ते वळले नाहीत. परत येऊन तुम्ही मला म्हणालात, "कुत्र्याले काय बोलू मी? त्याले उड्या मारायले तूच शिकवलं."

खरं होतं ते. शाळेतून आले की मी फाटकातच दोन्ही हात पसरायची आणि त्याला छातीवर घ्यायची. "आली का?" असं म्हणणारं घरात दुसरं कोण होतं? त्या दिवशी मी मान खाली घालून मामांनी आणलेल्या कापडाची घडी करत बसले.

उपाय सापडला तो बांगड्या विकणाऱ्या चाचांकडून. मंगरूळचे ते म्हातारे मनियार वर्षातून दोनदा यायचे. कुत्रा त्यांच्याकडे धावला तेव्हा मी ओरडले, कारण खांद्याला काचेच्या बांगड्यांच्या माळा लटकत होत्या. पण चाचा नुसते वळून उभे राहिले, आभाळाकडे बघत. कुत्र्यानं दोन उड्या मारल्या, भोवती फिरला आणि खाली बसला. मग चाचांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "त्याच्याकडं पाहू नोका, बेटी," ते म्हणाले. "पाह्यलं की त्याले वाटते, आपल्याले बोलावलं. ओरडलं तरी त्याले तेच वाटते. चारी पाय जमिनीवर आले, का मंग प्यार करा." एकही बांगडी फुटली नव्हती. तुम्ही दारात उभं राहून सगळं पाहत होतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही ओसरीच्या कडेला एक रिकामं पोतं अंथरलंत, कुत्र्याच्या गळ्यात दोरी बांधून ती माझ्या हातात दिलीत, भाकरीचा तुकडा दिलात आणि काही न सांगता बाहेर गेलात. जरा वेळानं फाटकापलीकडून खाकरण्याचा आवाज आला. "राम राम! हाये का कोनी घरात?"

मला आधी कळेचना. तुमचाच आवाज, पण माय असतानाचा. कुत्रा उसळला, मी दोरीनिशी ओढली गेले. तुम्ही पाठ फिरवून उभे राहिलात. तो खाली बसेपर्यंत तसेच. मग पुन्हा बाहेर, पुन्हा खाकरणं. असं आपण रोज केलं. पोत्यावर बसला की तुकडा, उठला की पाहुणा परत. आठ दिवसांनी तुम्हाला ओसरीपर्यंत येता आलं, पंधरा दिवसांनी बसता आलं. आणि पाहुणा बसला म्हणजे काही बोलणं आलंच.

तुम्ही सुपारी कातरताय, मी समोर दोरी धरून उभी आहे.

"तुहा बाप कुठी गेला, बाई?"

"वावरात गेले."

"आन तू काय करून राह्यली?"

"कुत्र्याले बसवून राह्यली."

रोज तुम्ही काहीतरी नवं विचारायचात. मास्तरांनी काय शिकवलं, भाजी कशाची केली, भाकरी आता मोडते का. मी सगळं सांगायची. पाहुण्याला सांगता येत होतं. एकदा तुम्ही विचारलंत, "घरी करमते का तुले?"

"नाई करमत."

"काहून?"

"बाबा बोलत नाईत."

अडकित्ता थांबला. कुत्रा पोत्यावरून एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. "मानसाले कवा कवा बोलनं जमत नाई," तुम्ही म्हणालात. "पन त्याले सांगजो, एक पाहुना आलता आन म्हने, पोरीसंगं बोलत जाय." मग उठलात, फाटकाबाहेर गेलात आणि आत आलात ते पुन्हा बाबा होऊन. त्या रात्री जेवताना आपण दोघं काही बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी पाहुणा वेळेच्या आधी आला.

मी चौदाची झाले आणि मला बघायला लोक आले. बैलांच्या दमणीतून तिघे उतरले. कुत्रा पोत्यावर थरथरत बसून होता, शेपटीनं जमीन झोडत होता, पण उठला नाही. मुलाच्या वडिलांना कुत्र्यांचा लळा होता. त्यांनी चुटकी वाजवून त्याला हाक मारली आणि कुत्रा अर्धा उठला. मी घाबरून म्हणाले, "हात खाली ठेवा, मामाजी. त्याच्याकडं पाहू नोका." बघायला आलेल्या माणसाला पोरीनं हुकूम सोडला! तुमचा चेहरा उतरला. म्हातारे मात्र खदखदून हसले, हात मांडीवर ठेवून सरळ आभाळाकडे पाहत बसले. "हे पोरगी माहं घर सांभाळन," ते म्हणाले. लग्न तिथेच ठरलं.

सासरी माणसंच माणसं होती. मी तिथे रमले, बाबा, पहिल्या महिन्यातच. पुढच्या आखाजीच्या सणाला आठ दिवसांसाठी माहेरी आले. फाटक उघडलं आणि कुत्रा धावत जाऊन पोत्यावर बसला. अंग थरथरत होतं, पण जागेवरून हलला नाही. मीच त्याच्याजवळ जाऊन खाली बसले. तुम्ही आतून आलात, "आली का" म्हणालात आणि पाणी ठेवलंत. पुढचे दिवस पुन्हा तसेच गेले, मी स्वयंपाकघरात आणि तुम्ही वावरात. पाचव्या दिवशी शेजारची काकू कुंपणापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुहा बाप येडा झाला का काय वं? रोज दिवेलागणीले फाटकाबाहेर जाते, खाकरते, आन आपल्याच घराले आवाज देते, हाये का कोनी म्हनून. कुत्रं पोत्यावर जाऊन बसते. मंग हा आत येते अन् त्याले भाकर देते. तू आली तवापासून बंद हाये."

मी तिला म्हणाले, कुत्र्याची सवय मोडू नये म्हणून करत असतील. ती गेल्यावर मी चूल पेटवली. तुम्हाला विचारावं, असं फार वाटलं. आपणच बाहेर जाऊन खाकरावं, आज मी पाहुणी होते असं म्हणावं, असंही वाटलं. तुम्ही वावरातून आलात, हातपाय धुतलेत, जेवायला बसलात. मी वाढलं. मी घरात असेपर्यंत पाहुणा येणार नव्हता. मग म्हणाले, "उद्या जाते मी. सासरी हळद कांडायची हाये, मानसं कमी हायेत."

तुम्ही ताटातून वर पाहिलं नाही. "काम असन तं जा," म्हणालात. सकाळी दमणी जोडून दिलीत. त्याच साली पोळ्याच्या सुमारास तुम्ही गेलात. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. कुत्र्याला चुलतकाकांनी धनगरांच्या हवाली केलं, असं कळलं. ते धनगर कुठले, हे कोणाला सांगता आलं नाही.

हा कागद टपालात टाकायला मला पत्ता नाही. मुलींच्या वह्यांखाली ठेवून देईन. दिवा लावायची वेळ झाली आहे, तेवढं एक लिहून उठते. सासरी त्या दिवशी काही काम नव्हतं, बाबा. हळद महिन्यापूर्वीच कांडून झाली होती.