ती दुपारी येते

सोमवार, ४ डिसेंबर
आलो एकदाचा! दोन खोल्या, वेगळा जिना, खाली शिंप्याचं दुकान. शिंपीच घरमालक आणि माणूस इतका साधा, की भाडं ऐकून मीच पुन्हा विचारलं. खालच्या इस्त्रीची ऊब लाकडी जमिनीतून वर येते, म्हणजे थंडीत शेगडीचा खर्च वाचला. जुन्या घराबरोबर सामानही विकून टाकलं. एक खाट, एक खुर्ची, एक कप एवढंच ठेवलं. दुसरी खुर्ची असली की कोणीतरी येऊन बसतं.

मुलगी याच गावात राहते, एवढं एकच वैगुण्य. माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं, त्याला आठ वर्षं झाली. तिला एक पोरगी आहे म्हणतात. मी पाहिलेली नाही. पत्ता कोणाला कळवलेला नाही. बिनसाखरेचा चहा खिडकीत बसून प्यालो. फार बरं वाटलं.

बुधवार, ६ डिसेंबर
मुलीची चिठ्ठी. शिंप्याच्या बायकोची आणि तिची ओळख आहे म्हणे, म्हणजे पत्ता फुटला तो तिथूनच. नातीला ताप आहे, उतरत नाही, मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, बाबा, मदत करा. आठ वर्षं बाबा आठवले नाहीत. घर विकल्याचं कानावर गेलं आणि लगेच ताप आला! मला काय दूधखुळा समजते?

चिठ्ठीची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर वाणसामानाची यादी केली.

शुक्रवार, ८ डिसेंबर
दुपारी तीनला दूध पाहायला आत गेलो. परत येतो तर खुर्चीत एक बाई, पाठमोरी. राखाडी शाल, मानेवर सैल अंबाडा. माझी बायको अशीच बसायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. कोण ते, म्हणून ओरडलो. ती वळली. चेहरा तिचाच. मी डोळे चोळले, तेवढ्यात खुर्ची रिकामी.

दाराला आतून कडी होती. चीजवस्तू तपासली, काही गेलेलं नाही. खाली जाऊन शिंप्याला झापलं. तो म्हणतो, काका, मी जिन्यासमोरच बसलोय, कोणी वर गेलं नाही. म्हणजे तोही सामील. मुलीने आईच्या चेहऱ्याची कोणी बाई शोधून काढली आहे. तळपायाची आग मस्तकात गेली.

शनिवार, ९ डिसेंबर
खालच्या इस्त्रीची राख आणून दारात पसरून ठेवली. (पीठ कोण वाया घालवतो?) तीन वाजता ती खुर्चीत होती आणि राखेवर एकही पाऊल नव्हतं. आज बोलली.

“पोरीला चांगल्या डॉक्टरला दाखवा. या वेळी दोन दिवस थांबू नका.”

अकरा वर्षांपूर्वी बायकोला ताप होता तेव्हा मी म्हणालो होतो, दोन दिवस थांबू, आपोआप उतरेल. तिसऱ्या दिवशी ती गेली. ते बोललो तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. मुलगी तेव्हा परगावी शिकत होती; तिला सांगितलं, अचानक गेली.

राग कुठल्या कुठे गेला. संध्याकाळभर रडलो. मग एकाएकी इतकं हलकं वाटलं, की आपल्याशीच हसलो. उद्या जातो. पूल ओलांडला की तिसरी गल्ली, असं शिंप्याची बायको म्हणाली. नातीला पाहतो.

रविवार, १० डिसेंबर
पुलापर्यंत गेलो. तिथे मनात आलं, बायकोने जाण्याआधी ते मुलीला कळवलं असेल तर? आणि मुलीने या बाईला पढवलं असेल तर? परत फिरलो. उद्या डॉक्टरांकडेच परस्पर चौकशी करतो, ताप खरा की सोंग.

आज ती आलीच नाही. बघा! पितळ उघडं पडलं.

तरी खुर्चीत बसवत नाही.

सोमवार, ११ डिसेंबर
ताप खरा आहे. कंपाउंडर म्हणाला, पोर अगदी गळून गेली, निदान काल तरी हलवायला हवी होती. मग विचारलं, तुम्ही तिचे कोण? मी तसाच मागे फिरलो.

धापा टाकत घरी आलो. गादीखालचं पाकीट काढलं. सगळंच नेतो. निघतोच आता —

तीन वाजले.

जिन्यावर पावलं. एक बायकोचं, ओळखतो. दुसरं लहान, पायरीपायरीवर थांबणारं —

आल्या. कडी तशीच आहे, तरी आत आल्या. पोरीचं नाक माझ्यासारखं. मी वेड्यासारखा हसलो, हात पुढे केले. आली, आली माझी नात! तिने माझा डावा हात धरला. म्हणाली, “आजोबा, माझा ताप गेला.”

हात बर्फासारखा.

बायको माझ्याकडे बघत नाही —

खालून शिंपी हाका मारतोय. काका, तुमचे जावई आलेत. जावई वर येतोय. त्याला बोलू देऊ नका. तो बोलेपर्यंत ती इथे —

दार वाजवतोय. कडी काढणार नाही. हात सुटत नाही. गारठा खांद्यापर्यंत —

बाहेरून म्हणतोय, बाबा, दार उघडा, आपली —