सावलीतली तिखाडी

आई, तुला जाऊन चाळीस वर्षं झाली, पण माझा संताप काही शमत नाही. आज तिखाडी गवताच्या तेलावरचं एक पुस्तक हाती आलं आणि डोकंच फिरलं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. डोळखांबच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी तुझी भट्टी. हंड्यात गवत शिजतंय, वाफ नळीतून ओढ्यात बुडवलेल्या घड्यात उतरते, पाण्यावर तेल तरंगतं. उघड्या माळावरची तिखाडी मोतिया, झाडांच्या सावलीतली सोफिया. दिसायला दोन्ही सारख्याच. म्हणून तू प्रत्येक पेंढीचं पान तळहातावर चोळून हुंगायचीस आणि सोफिया बाजूला टाकायचीस. त्या आठवड्यात तुला पडसं झालं होतं. "माजा नाक बंद हाय, तू हुंग रे," म्हणालीस. मी मुरबाडला चार बुकं शिकून आलेला. पेंढ्या काय हुंगायच्या, म्हणून मनात हसलो.

मग शहापूरला व्यापाऱ्याच्या गुमास्त्यानं डबा उघडला, नाक मुरडलं आणि चारचौघांत म्हणाला, "बाई, यात टर्पेंटाइन घातलंय." एवढ्यावर भागलं नाही, सगळं तेल त्यानं गटारात ओतलं. तू म्हणालीस, "घातला काय नाय. पन वास येत आसंल तर चूक माजी." त्या दिवसापासून तू भेसळवाली. तुझं तेल कुणी घेईना, हंडा परसात पालथा पडला.

पुस्तकात लिहिलंय, मोतियात गुलाबातलं जिरॅनिऑल असतं, अत्तराला लागतं ते. सोफियात त्याच्याबरोबर शहाजिऱ्याच्या वासाचं एक द्रव्य असतं, लिंबाच्या सालीतलं दुसरं एक असतं, आणि ते तेल साबणाला चालतं. त्याच उग्र वासाला गुमास्ता टर्पेंटाइन समजला. म्हणजे थेंबभर भेसळ नव्हती. जन्मभर तेलाचा धंदा करणाऱ्या त्या माणसाला दोन गवतं कळत नव्हती, आणि लबाड ठरलीस तू. याची मला भयंकर चीड येते. तुझीही येते. तू भांडली का नाहीस? परत जाऊन दोन्ही गवतं त्याच्या नाकाखाली का नाही चोळलीस?

हे विचारायचा आव आणतोय खरा, पण उत्तर मला ठाऊक आहे. शहापूरहून आल्यावर, पडसं उतरलं तेव्हा, भट्टीजवळ उरलेली एक पेंढी तू उचललीस, पान चोळून हुंगलंस. मी समोरच उभा होतो. तू माझ्याकडे बघितलंस, पेंढी चुलीत सारलीस आणि म्हणालीस, "चल, जेवून घे." त्या पेंढ्या मी हुंगल्याच नव्हत्या, आई. तुला ते कळलंय हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी जेवायला बसलो.