डाव्या हाताच्या काठ्या

अण्णा, काल मी गोल्फचे क्लब, म्हणजे आपल्या त्या काठ्या, घ्यायला गेले होते आणि परत येताना गाडीत सगळ्या रस्त्यानं तुमच्याशी भांडत आले. चांगलं मोठ्यानं. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं वाकून बघितलं. त्याला वाटलं असेल, बाई फोनवर नवऱ्याला झापतेय. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, या शहराचं नावसुद्धा बदललं, पण माझा राग होता तिथंच आहे. मला वाटत होतं, वयानं निवला असेल. कुठलं काय. काल तो असा उसळला की घरी येऊन चपला न काढता लिहायला बसले. आणि पेन डाव्या हातात आहे, हे आधीच सांगून ठेवते.

छावणीतलं ते गोल्फचं मैदान तुम्हाला आठवत असेल. उन्हाळ्यात गवत कमी आणि माती जास्त. रविवारी सकाळी मुकुंदवाडीतून आपण स्कूटरवर निघायचो, तुम्ही पुढं, मी मागं, आणि माझ्या मांडीवर काठ्यांची ती लांबलचक बॅग आडवी. जालना रोडला शेजारून जाणारे सायकलवाले शिव्या घालायचे. कारखान्याचे मोठे साहेब बदलून गेले तेव्हा त्यांच्या बाईसाहेबांचा जुना सेट तुम्हाला देऊन गेले होते. तुम्ही स्टोअर सांभाळायचा, त्यांचं घरचं सामान तुम्हीच बांधून दिलं होतं, त्याची ही बक्षिशी. तुम्ही स्वतः कधी चेंडूला काठी लावली नाहीत. पण आपली पोरगी खेळली पाहिजे, साहेब लोकांच्या बरोबरीनं उभी राहिली पाहिजे, हे तुमच्या डोक्यात बसलं ते बसलंच. आई विचारायची, या काठ्या घेऊन पोरीला कुठं राखणीला पाठवताय? तिच्या त्या बोलण्यावर तुम्ही कधी हसला नाहीत.

पहिल्या दिवशी मी काठी धरली ती डावरी धरली. खराटा धरायचे, विटी-दांडूतला दांडू धरायचे, तशीच. पण गोल्फच्या काठीला एकाच बाजूला तोंड असतं. माझ्या धरण्यात तिची पाठ पुढं आली आणि चेंडू कुठंतरी पायाशीच घरंगळला. अण्णा, ही उलटी आहे, असं मी म्हणाले. तुम्ही मागं येऊन उभे राहिलात. एवढा उंच माणूस, तुमची सावली माझ्या पुढं चेंडूच्याही पलीकडं पडलेली. माझी दोन्ही मनगटं धरून तुम्ही फिरवलीत, डावा हात वर, उजवा खाली, आणि म्हणालात, "काठी बदलत नाही. तू बदल."

घरात हे आधीपासून चालूच होतं म्हणा. जेवताना डावा हात फ्रॉकच्या पट्ट्यात खोचून ठेवायचा, हा तुमचा नियम. शाळेत बाईंना सांगून ठेवलेलं. बिडकीनला काकांच्या लग्नात पंगतीत बसले होते, समोर बुंदी आली, आणि विसरले मी, डाव्या हातानं उचलली. तुम्ही वाढप्याच्या हातातली पळी घेतलीत आणि सगळ्या गावासमोर माझ्या बोटांवर मारलीत. दुखलं ते दुखलंच, पण त्यानंतर तुम्ही माझ्या पानावर उलट जास्त बुंदी वाढलीत, याचा मला अजून संताप येतो. मारायचं तर मारावं माणसानं. वर गोड कशाला वाढायचं?

आणि मी खेळले. वाईट त्याचंच वाटतं, चांगली खेळले. तुम्ही लिंबाखाली बॅग खांद्याला अडकवून उभे असायचा, कारखान्यातल्या इस्त्रीच्या शर्टात. तिथली बॅग उचलणारी माणसं तुम्हाला हसायची. त्यांना वाटायचं, हा साहेब असून हमाली का करतोय. मी चेंडूवर उभी राहिले की तुम्ही हळूच म्हणायचा, "खाली बघ." बस, तेवढंच. मग काठी फिरायची आणि चेंडू असा जायचा की मैदानावरचे फौजी अधिकारी मान वळवायचे. त्या वेळी तुमचा चेहरा मी बघितलाय. तसा चेहरा तुम्ही माझ्या डॉक्टरकीच्या निकालालासुद्धा केला नाहीत.

मग एक दिवस मी दातांच्या कॉलेजातून घरी येते, तर बॅग ठेवायचो तो दारामागचा कोपरा रिकामा. तिथं नुसती केरसुणी उभी. आई चुलीकडं तोंड करून भाकरी थापतेय, माझ्याकडं बघत नाही. तुम्ही पेपर वाचताय. काठ्या कुठं गेल्या विचारलं तर म्हणालात, नव्या साहेबांच्या सुनेला दिल्या, तिला शिकायचंय. आता बघायला लोक यायला लागतील, दारामागं असलं काही दिसायला नको. एवढंच. पेपरचं पान उलटलंत आणि विषय संपला. ज्या खेळासाठी माझा हात बदललात, तो खेळच देऊन टाकलात, आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीत. मला तो सेट जीव की प्राण होता असं नाही अण्णा. पण तो माझा होता. तो हात तरी माझा होता का नव्हता?

लग्न झाल्यावर एकेक करून मी सगळं परत घेतलं. सासरी पहिल्याच आठवड्यात डाव्या हातानं जेवले. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, भाजी अजून घे. त्या दिवशी मोरीत जाऊन रडले. मग भाजी चिरणं, मग सही. क्लिनिक काढलं तेव्हा खुर्ची, दिवा, ड्रिल, सगळं उलट्या बाजूनं बसवून घेतलं. बसवणारा म्हणाला, असं पहिल्यांदाच बसवतोय. डाव्या हातानं दाढा काढल्या मी, लोकांच्या. एक गोल्फच तेवढा तुमच्याकडं राहिला होता.

आणि मग दवाखाना. तुमची उजवी बाजू गेली, वाचा गेली. नर्सनं वरणभात आणला, चमचा तुमच्या डाव्या हातात दिला. मी भरवायला पुढं झाले, तर तुम्ही सरळ जेवायला लागलात. एक शीत सांडलं नाही. सगळे बघत राहिले. बिडकीनहून आत्या आली होती, ती पायथ्याशी बसून म्हणाली, "त्यात काय नवल? ह्यो ल्हानपणी लई डावरा व्हता. आमच्या आबांनी ह्याचा हात चुलीतल्या निखाऱ्यावर धरला, तवा सुटलं." तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि चमचा खाली ठेवलात. नंतर त्या वेळी जेवला नाहीत.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माहीत नसतं तर मी सोडून दिलं असतं. जुना माणूस, अडाणीपणा, चार लोक काय म्हणतील याची भीती, म्हटलं असतं जाऊ द्या. पण तुम्हाला आतून माहीत होतं, हात बांधला की कसं वाटतं. अंगाला भाजलेलं माहीत होतं, आणि तरी माझी मनगटं धरून फिरवलीत. निखारा नाही वापरलात, पळी वापरलीत; तेवढी सुधारणा केलीत म्हणायची. मला विचारायचं होतं, आणि तुम्हाला बोलता येत नव्हतं. हे बरं जमवलंत.

तर काल. माझी मान धरायला लागली आहे, वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडात वाकून. मोकळ्या हवेत काहीतरी खेळा, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी ठरवलं, गोल्फच खेळीन, पण डावा. उस्मानपुऱ्यात एक निवृत्त सुभेदार आहेत. घरामागं जाळी बांधून शिकवतात, क्लबही विकतात. त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी पुण्याहून एक डावा सेट मागवला. पुरुषाचाच मिळाला, दांडे लांब. ते म्हणाले, मॅडम, तुमच्या मापानं कापून देतो, टेन्शन नका घेऊ. आता आपल्या त्या सेटसारखे जड लोखंडी दांडे नसतात, काळे, हलके असतात. पूर्ण सेटही घेऊ नका, अर्धा पुरे, असं त्यांनी समजावलं. मी सात नंबरचा क्लब उचलला, डावा धरला आणि उभी राहिले. बघा म्हटलं अण्णा, आता बघा.

एक चेंडू लागला नाही. मातीत मारला, हवेत मारला, काठी हातातून निसटून जाळीला अडकली. पुन्हा, पुन्हा. हाताला फोड आला. जो हात दाढेचं मूळ न तोडता बाहेर काढतो, तो तिथं परक्या घरी आल्यासारखा वागत होता. शेवटी सुभेदारांनी बायकांचा उजवा क्लब हातात दिला, अंग मोकळं करायला एक मारून बघा म्हणाले. मी मारला. अण्णा, तो चेंडू जाळीच्या मधोमध जाऊन बसला. तोच आवाज आला. सुभेदार म्हणाले, "ये तो किसी ने बचपन में बिठाया है. प्यार से बिठाया है."

प्यार से. त्यांना काय सांगणार होते मी? अंगात उतरून बसलाय तुम्ही, काढता येत नाही. उजव्या काठ्यांचा अर्धा सेट घेतला, आणि तोच घ्यावा लागला म्हणून रस्ताभर तुमच्याशी भांडले. माफबिफ काही केलेलं नाही. हे कुठं पाठवायचंही नाही, उद्या फाडून टाकीन.

पण एक गोष्ट राहिली. उजव्या क्लबनं तो चेंडू मारायच्या आधी मी थांबले होते. कोणीतरी "खाली बघ" म्हणेल म्हणून थांबले होते, आणि ते ऐकू आल्यावरच मारला. आणि निघताना त्या डाव्या सेटमधला सात नंबरचाही विकत घेतला. सुभेदार करवत घेऊन आले, तर मी म्हटलं, कापू नका. इतक्या लांब क्लबनं कोण खेळणार म्हणाले. मी म्हणाले, वडील माझे डावरे होते, उंच होते. तो आता दारामागं उभा आहे.