खंडेनवमीची काळी वडी

२७ सप्टें.
भट्टी उघडली. वडी निघाली, नाण्याएवढी, कुठेही चीर नाही. आधीच्या सगळ्या हिरवट पडल्या होत्या, म्हणजे मिश्रण फसलेलं. ही काळीकुट्ट. चिमट्याने अलगद उचलली.
गाइड मॅडम म्हणाल्या, "ही सुपरकंडक्टर निघाली तर पुढे जाऊ. नाहीतर पीएच.डी.चा विषय बदलू." विषय बदलला तर मी सोडणार, हे त्यांना माहीत नाही. मनीषनगरच्या क्लासवाल्यांना शिकवायला येते की नाही ते कोजागिरीपर्यंत सांगायचंय.
गार केल्यावर हिचा रेझिस्टन्स शून्य व्हायला हवा. शून्याच्या जवळपास नाही, शून्यच.

२९ सप्टें.
बाबांचा डबा घेऊन इतवारीत दुकानावर गेले. गल्लीत हातगाडी शिरली, माणसं अंग चोरून बाजूला झाली. गर्दी पुन्हा मिटायच्या आत दुसरी गाडी त्याच वाटेने पार. मी म्हटलं, बाबा, सुपरकंडक्टरमध्ये हेच होतं. इलेक्ट्रॉन एकमेकांना लोटतात खरे, पण एक गेला की धातूतले अणू त्याच्याकडे जरासे झुकतात, आणि त्या झुकण्याच्या ओढीने दुसरा येतो. जोडी जमते. मग सगळ्या जोड्या एका चालीत, कशालाच अडत नाहीत.
बाबा कापड फाडता फाडता, "म्हंजे दोघं एकमेकाच्या मांगंमांगं?"
नाही, उलट दिशांना.
"मंग जोडी कायची वं?"
हातगाडीची उपमा फसली. आणि माझ्या वडीत तर नुसतं अणूंचं झुकणंही पुरत नाही. तिथे जोड्या कशाने जमतात यावर अजून जगभर भांडणं चालू आहेत. म्हणून तर मला तीच हवी.

१ ऑक्टो. खंडेनवमी
लॅबमध्ये पूजा. भट्टीला हार, मीटरला गंध. गुरांच्या दवाखान्यातले ढोबळे काका वडी गार करायला द्रव नायट्रोजनचा कॅन घेऊन आले. तिकडे त्यात वळूचं बीज ठेवतात.
"एवढ्याशा गोळीले एवढा कॅन काहून लागते वं?" पेढा खाऊन, हसून गेले.
मी वडीसुद्धा ताटात ठेवली. ओलं हळदीकुंकू लावलं, झेंडूची पाकळी वाहिली. मन भरून आलं.

३ ऑक्टो.
तारा जोडल्या. आकडे नुसते नाचतात. मॅडमनी भिंग घेतलं.
"हे पिवळं काय?"
हळद.
"पाण्यात कालवलेली?"
या पदार्थाला पाणी चालत नाही, वरचा थर नासतो, हे एमएस्सीच्या मुलांना मीच सांगते. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भट्टी आता दिवाळीनंतरच मिळणार. बावळट, बावळट, बावळट.

४ ऑक्टो.
कोरड्या पॉलिश पेपरने घासत बसले. नासका थर गेला, खालून चांगलं काळं निघालं. त्या आनंदात जोर लागला. कट्. दोन तुकडे.
आधी रडले. मग चहा घेताना डोक्यात आलं, म्हणजे आता दोनदा करून बघता येईल. चहा तसाच टाकून पळाले.

६ ऑक्टो. कोजागिरी
पहिला तुकडा नायट्रोजनमध्ये सोडला. पडद्यावर रेझिस्टन्सची रेघ हळूहळू उतरत होती. मग जराशी वाकली, आणि धाडकन खाली. शून्य. मी एकटीच लॅबभर नाचले. बाबांना फोन.
"झालं का वं?"
झालं, बाबा.
मॅडम धावत आल्या. पाहिलं, माझा हात घट्ट धरला. मग म्हणाल्या, "करंटची तार निसटली तरी शून्यच दिसतं. बघ बरं."
वर काढला. तार लोंबत होती.
काढताना निसटली, की आधीच?
पण कोसळायच्या आधी रेघ वाकली होती, मी पाहिलंय. तार सुटताना अशी वाकत नाही. बहुतेक. की पूर्ण गार व्हायच्या आधीच काही जोड्या जमायला लागल्या होत्या? हे डोक्यातून जाईना.
कॅनमध्ये उद्यापुरता नायट्रोजन आहे. दुसऱ्या तुकड्यावर तारा चिकटवायची चांदीची पेस्ट वाळतेय. तारा या वेळी दोनदा ओढून बघणार.
घरी मसाला दूध आटत होतं, तेवढ्यात क्लासवाल्यांचा फोन. नाही म्हणून टाकलं.
बाबा म्हणाले, "उद्याचं पाहून तं सांगाचं होतं."
म्हटलं, उद्याचं बघायचंय म्हणूनच आज सांगितलं.