अत्यंत समाधानी

४ ऑगस्ट
आजपासून संकल्प. ग्रुपवर मेसेज आलाय, घरच्यांचा इमोशनल सपोर्ट असला की मुलं शिक्षणात समाधानी राहतात. रोज गौतमीशी पंधरा मिनिटं प्रेमानं बोलणार. पोरगी दौंडला सेकंड इयर केमिस्ट्रीला हाय. तिला मराठी घेऊन बी.ए. करायचं होतं. मराठी आपण घरात बोलतोच की. मी बारावी सायन्सला लटकलो, तिला लटकू देणार न्हाई.

६ ऑगस्ट
बोललो. तोंडातनं पहिला प्रश्न मार्कांचाच गेला. चार मिनिटांत ती भांडी घासायला उठली. उरलेली अकरा उद्या.

१२ ऑगस्ट
कॉलेजचा सर्व्हे फॉर्म. शिक्षणाबद्दल समाधानी आहात का? आठ दिवस टेबलावर कोराच. अभ्यासातनं सवड न्हाई बिचारीला. मीच भरला. अत्यंत समाधानी. सहीपण तिची मारली, हुबेहूब.

१८ ऑगस्ट, सकाळ
कुरकुंभला आमच्या केमिकल कंपनीत पॅकिंगला ठेकेदाराची नवी माणसं. मी सेफ्टी सुपरवायझर. ट्रेनिंग झाल्याची माझी सही असल्याशिवाय कोणी आत पाय ठेवत न्हाई. ट्रेनिंगला टाइम कुणाला हाय? फॉर्मचा गठ्ठा घरीच आणला. चहाबरोबर धडाधड सह्या. ठेकेदार एकवीस म्हणालेला, निघाले बावीस. केल्या.

२१ ऑगस्ट
सपोर्टचा रिझल्ट. तीन दिवस गौतमी खूश हाय. गुणगुणत चहा दिला. बायकोला म्हणलं, बघ माझी कमाल. करुणा कणीक मळत राहिली.

३ सप्टेंबर
पोरगी सहालाच घर सोडती. एक्स्ट्रा प्रॅक्टिकल असणार. माझी सेकंड शिफ्ट, म्हंजी मी उठतो तवा ती नसती, येतो तवा झोपलेली. दोरीवरच्या ओढणीला सॉल्व्हंटचा वास. आपल्या प्लांटसारखाच. अभिमान वाटला.

९ सप्टेंबर
आज सुट्टीला घरी होतो. पोरगी खोकतीय. बोटांची सालं निघालीत. केमिस्ट्री म्हणल्यावर एवढं चालायचंच. आई म्हणाली, पोरीच्या डोळ्यांकडं बघ एकदा. बघितलं. लाल हायेत. वाचन जोरात दिसतंय.

१५ सप्टेंबर
ड्युटीवर गेल्या गेल्या कळलं, फर्स्ट शिफ्टला ड्रम लीक झाला. पॅकिंगची एक मुलगी भाजली, दोन्ही हात. मॅनेजर म्हणाले, रिपोर्ट आत्ताच्या आत्ता. लिहिला. ट्रेनिंग दिलं होतं, चूक कामगाराची. नावाची जागा कोरी ठेवलीय, फाइल बघून टाकतो.

१६ सप्टेंबर
रात्रभर प्लांटमध्येच, फोन लॉकरला. पहाटे फाइल उघडली, त्यात गौतमीचा फॉर्म. वडिलांचं नाव, महेंद्र. खाली माझी सही.

दवाखान्यात ती भिंतीकडं तोंड करून पडलीय. हात कोपरापर्यंत बांधलेले. करुणानं सगळं सांगितलं. मी सर्व्हे फॉर्म भरला त्याच दिवशी पोरीनं कॉलेज सोडायचं ठरवलं. पुढच्या वर्षी बी.ए.ला स्वतःच्या कमाईवर नाव घालणार होती. पण चोरून करायचं नव्हतं तिला. तोंडानं सांगायचा धीर नव्हता, म्हणून तिचा फॉर्म तिनं गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला, नाव दिसंल असा. सही झालेली बघून तिला वाटलं, पप्पांनी वाचलं आन् होकार दिला. म्हणून ते तीन दिवस खूश होती.

तिच्याजवळ पंधरा मिनिटं बसलो. रिपोर्ट अजून खिशातच हाय. मॅनेजरचे तीन फोन येऊन गेले, नाव टाकलं का म्हणून.