बांधावरचा सापळा

१४ तारीख, गुरुवार

प्रिय भाऊजी,

नमस्कार. मुलीकडे झोप नीट लागते ना? इकडे सगळं ठीक.

त्या सकाळी मी दूध तापवलं, अंगण झाडलं आणि तुमच्या दादांना शेडमध्ये चहा नेऊन दिला. फळमाश्यांच्या सापळ्यात ठेवायचा लाकडी ठोकळा ते माश्या ओढून आणणाऱ्या आमिषाच्या औषधात बुडवत होते. हातमोजे घाला म्हटलं, तर म्हणाले, "माश्या मोजायला चाललोय, लग्नाला नाही." तेवढ्यात बाटली लवंडली, शर्ट भिजला. तो खुंटीला अडकवून त्यांनी दुसरा घातला. दुपारी छातीत कळ आली आणि ते गेले.

मग मोजणी माझ्याकडे आली. तुम्ही दर आठवड्याला बांधापलीकडून विचारायचात, "वहिनी, किती?"

"सहा."

"मग फवारणीची घाई नको."

तुमच्या पेरूंत अळ्या निघाल्या, तेव्हा तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. "बाग कळणारा गेला, मला नाही जमायचं," एवढंच म्हणालात, आणि महिनाअखेरीला झाडं तोडायला माणसं ठरवून मुलीकडे निघून गेलात.

भाऊजी, आकडा मी खोटा सांगितला नाही. सापळ्यात सहाच असायच्या. बाकीच्या कुठे होत्या, ते मला माहीत होतं.

शेड सापळ्यापासून दहा पावलांवर. रोज सकाळी मी दार उघडायची, तर शर्टावर माश्याच माश्या. बाहीवर, कॉलरवर. मी त्या हाकलल्या नाहीत. वाटायचं, यांच्याकडे अजून कुणीतरी येतंय.

मला छापील कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही, तुम्ही हसायचात त्यावर. आमिषाच्या खोक्यातल्या कागदावर स्पष्ट लिहिलंय: औषध लागलेला कपडा सापळ्याजवळ ठेवू नये, मोजणी चुकते. हे मी तिसऱ्याच आठवड्यात वाचलं. तुमचे पेरू तेव्हा चांगले होते. पण शर्ट धुतला असता तर औषधाबरोबर त्यांचाही वास गेला असता. मी कागद घडी घालून ठेवला आणि तुम्हाला "सहा" सांगितलं.

तुमचं काही चुकलेलं नाही. झाडं तोडू नका. माझ्याशी बोलायचं नसेल तर नका बोलू, पण त्या माणसांना नाही म्हणून कळवा.

मंगळवारी हे पत्र लिहायला बसले आणि इथवर येऊन थांबले. शेडमध्ये शर्ट तसाच खुंटीला असताना हे लिहिणं खरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो साबणाच्या गरम पाण्यात भिजवला, दोनदा धुतला आणि उन्हात वाळत घातला.

तुमची,
वहिनी