गरीब केलेली बुरशी

२ ऑगस्ट
बी.एस्सी.चा निकाल लागला आणि लगेच नोकरी! भांडगावची लॅब छोटी पण झकास. मागे ऊस, पुढे हायवे. यवतला खोली मिळाली. अब्बांनी दौंडहून पंखा आणून बसवून दिला. उंदरांचे पिंजरे सांभाळणारे पोपटमामा म्हणाले, "आसमीन, भ्यायचं न्हाई. उंदरं म्हंजी आपली लेकरंच."

६ ऑगस्ट
लॅब चालवणाऱ्या मॅडमनी काम समजावलं. इथे उंदरांना एका बुरशीची लागण करतात; ती नाकातून शिरते आणि डोळ्यामागे तंतू पसरवते. आमचं औषध तिला मारत नाही, नुसतं गरीब करतं. ती दाण्यासारखी गोल होऊन पडून राहते, तंतू सोडत नाही. औषध मिळालेले उंदीर टुणटुणीत आहेत. ज्यांना नुसतं पाणी दिलं, त्यांच्याकडे बघवत नाही.

१२ ऑगस्ट
मामांच्या हातून बुरशीची बशी फुटली. संध्याकाळपासून त्यांच्या नाकात आग. मॅडमनी दवाखान्यात पाठवलं नाही. स्वतःच औषधाचे थेंब घातले.

१७ ऑगस्ट
मामा ठणठणीत! त्यांच्या बायकोनं, ताईबाईंनी, मॅडमसाठी शेंगदाण्याचे लाडू पाठवले.

१८ ऑगस्ट
मॅडमनी मामांच्या थेंबांच्या बाटलीत औषधाऐवजी पाणी भरलं. औषध थांबल्यावर बुरशी परत उठते का, हे माणसात बघायची संधी पुन्हा येणार नाही म्हणाल्या. मी म्हटलं, मामा उंदीर नाहीत. त्यांनी बाटली माझ्याच हातात दिली.
मी थेंब घातले. मामा म्हणाले, सुखी राहा.

२१ ऑगस्ट
मामांचा गाल काळानिळा. डोळा बाहेर आलाय. मॅडम रोज फोटो काढतात.

२२ ऑगस्ट
मामांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात चला, म्हणून हात जोडले. मामा चिडले. "मॅडमनी जीव वाचिवला माझा. तू कालची पोर, आन् त्येंच्यावर आळ घेती?" ताईबाईंनी माझ्यासमोरच मॅडमना फोन लावला.

२४ ऑगस्ट
मामा गेले.
मॅडम म्हणाल्या, तू त्यांच्याजवळ बसली होतीस, तुलाही तपासते. नाकात कापसाची काडी फिरवली. काडी आधीच ओली होती.

२५ ऑगस्ट
नाक जळतंय. मागच्या खोलीत ठेवलंय, बाहेरून कडी. फोन त्यांच्याकडे. अब्बांना कळवलंय म्हणे— आसमीन ट्रेनिंगला गेली.

२७ ऑगस्ट
मॅडमनी नाकात थेंब घातले. औषध की पाणी, मी विचारलं. त्यांनी माझं वजन लिहून घेतलं.

उजवा डोळा मिटत नाही— अक्षरं दोन-दोन—
टाळूला जिभेनं चाचपलं. केसासारखं काहीतरी. मऊ. बोटात धरून ओढलं— डोळ्याच्या मागं हललं— अजून येतंय— लांब—